कानामागची चकती

चष्म्याच्या दुकानात ज्यांचा जन्म गेला त्यांना जगात एकच दुखणं ठाऊक असतं, नंबर. डोकं दुखतंय? नंबर बदलला असेल. जिना उतरताना पाय चुकला? नंबर वाढला. पोरगं अभ्यासात मागे पडलं? अहो, शिकवणी मागाहून लावा, आधी नंबर तपासा. आप्पांनी बेचाळीस वर्षं या एका उत्तरावर अर्ध्या शहराचे डोळे सांभाळले होते, आणि दहातल्या नऊ वेळा ते उत्तर बरोबरही निघायचं. दहाव्या वेळेचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

ती दहावी वेळ त्यांच्या घरातच आली, सूनबाईच्या डाव्या डोळ्यात.

सूनबाई मुळात या दुकानातलं गिऱ्हाईक. लहानपणापासून प्लसचा नंबर, तोही जाड, त्यामुळे भिंगांमागे तिचे डोळे असे मोठे दिसायचे की जणू तिला सारखं काहीतरी नवल वाटतंय. आप्पांच्या मुलाने तिच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पट्टी लावली. हे माप एकदा घेतलं की पुरतं. त्याने चारदा घेतलं. आप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, चष्म्याचं माप घेतोयस की लग्नाच्या कपड्यांचं?" आठ महिन्यांनी लग्नाच्या कपड्यांचंही घेतलं. तेव्हापासून पट्टी सूनबाईच्या हातात आली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बाईमाणूस ही एकटीच. पण दिवसाचा बराच वेळ ती दुकानातच असायची, लोकांच्या डोळ्यांत बघत.

आता तिला पाचवा महिना होता. खेप दुसरी. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्या आठवड्यात तिने सर्दीची एक गोळी घेतली होती, एकच. गोळीचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं होतं कधीकधी, असं डॉक्टरांनी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, आप्पांनीही घसा खाकरत सांगितलं. तिने सगळ्यांसमोर मान हलवली आणि मनात त्या गोळीवर खुनाचा आरोप ठेवला तो ठेवलाच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर ताकाचं भांडंच फोडून टाकलं. डोकं दुखलं तर कपाळावर ओला रुमाल. सर्दी झाली तर गरम पाण्याची वाफ. या खेपेला उलट्यांनी तिचं पार चिपाड झालं, तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कपाटात रुमालांच्या घडीखाली तशाच पडून होत्या.

आणि अशा वेळी नणंदेचं पाकीट आलं. नणंद जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होती. पाकिटात कातडीच्या रंगाच्या लहान लहान गोल चकत्या होत्या, टिकलीपेक्षा थोड्या मोठ्या. "कानामागे चिकटव," ती फोनवर म्हणाली, "तीन दिवसांनी काढून दुसरी लाव. आमच्याकडे बोट हलायला लागली की सगळे हेच लावतात."

"औषध आहे का गं?"

"गोळी नाही, काही नाही. चिकटपट्टी आहे नुसती. पोटात कुठे काय जातंय?"

पोटात काही जात नाही, एवढं एकच वाक्य सूनबाईला हवं होतं. ते मिळालं आणि तिने डाव्या कानामागे चकती लावली. कुणाला विचारलं नाही, कारण पट्टीबद्दल काय विचारायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी जग थांबलं, म्हणजे डोलायचं थांबलं. तिने तीन टोस्ट खाल्ले. तोंडाला कोरड पडली होती, पण त्याचं कुणाला काय वाटणार, टोस्ट पोटात राहिले हेच खूप होतं.

एकच अडचण. चष्म्याची काडी नेमकी त्या चकतीवर बसायची. चकतीची कड उचकटायची, खाज सुटायची, मग सूनबाई बोटाने ती कड दाबून बसवायची, त्याच बोटाने चष्मा वर सारायची, आणि त्याच बोटाने डोळ्याचा कोपरा चोळायची. दिवसातून पन्नास वेळा. आप्पांनी हे पाहिलं. कुणाच्या नाकावर चष्मा वाकडा बसलेला त्यांना बघवत नसे, मग घरच्या सुनेच्या कानावर कसा बघवेल? त्यांनी चष्मा मागून घेतला, काडी गरम वाळूच्या वाटीत खुपसली, मऊ झाल्यावर अंगठ्याने तिला असा बाक दिला की ती चकतीला वळसा घालून मागे उतरावी. "घे. आता बस म्हणावं त्या चकतीला राणीसारखी," ते म्हणाले. काम बेमालूम झालं होतं. त्या काडीचा आप्पांना दोन दिवस अभिमान वाटत होता, हे पुढचं कळण्यासाठी सांगून ठेवलेलं बरं.

मग दिवे फुलायला लागले.

पहिल्यांदा ते दुकानासमोरच्या खांबावर झालं. संध्याकाळी दिवा लागला आणि त्याच्याभोवती एक कडं उमललं, आत जांभळं, मग हिरवट, बाहेर तांबूस. सूनबाई दाराशी उभी राहून बघतच राहिली. पलीकडच्या खांबालाही कडं, त्याच्या पलीकडच्यालाही, रस्त्याच्या वळणापर्यंत रंगीत कड्यांची रांग. मोटारी यायच्या त्याही दोन दोन कडी पुढे घेऊन यायच्या. हवा जरा धुरकट, कडा विरघळलेल्या, माणसं पाण्यातून चालल्यासारखी हळू. तिला वाटलं, आपल्या पोटात जो कुणी आहे त्याला हे असंच दिसत असेल, सगळं मऊ आणि रंगीत, कशालाच धार नसलेलं. आपण त्याच्या डोळ्यांनी बघतोय की तो आपल्या? हा विचार तिला इतका आवडला की भुवईच्या वरच्या ठणक्याकडे तिने लक्षच दिलं नाही. ठणका झोपेत जायचा. सकाळी काही नसायचं. संध्याकाळी पुन्हा कडी उमलायची आणि ती त्यांची वाट बघायला लागली.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो भिंगं घासणारा; त्याने चष्मा उजेडात धरला आणि म्हणाला, "ओरखडे आहेत." नवी भिंगं बसवली. कडी होतीच. आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "भिंगावरचा थर चांगला नाही, दुसऱ्या मालाचं भिंग लाव." लावलं. कडी होतीच, उलट जरा मोठी झाली. मग बापलेकांनी चहा पीत विचार केला आणि अखेर त्यांचं नेहमीचं उत्तर आलं, गरोदरपणात नंबर बदलतो, बाळंतपणानंतर जागेवर येतो. तेही काही खोटं नव्हे, बदलतो. तिसरी भिंगं आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इथे तर दिव्याभोवती रंग दिसत होते आणि तरीही कुणाला काही दिसत नव्हतं.

चकती लावल्याच्या नवव्या दिवशी दुपारी ठणका सूर्य मावळायची वाट न बघताच आला. आधी भुवईवर, मग डोळ्याच्या मागे, मग अर्ध्या डोक्यात. उजेड सोसेना. आप्पा म्हणाले, "आत पड जरा, तपासणीच्या खोलीत. तिथे अंधार आहे, बरं वाटेल." किती मायेने म्हणाले. त्या खोलीत एक खुर्ची, एक बाक आणि भिंतीवर उतरत्या अक्षरांचा तक्ता, बाकी काळोख. सूनबाई तासभर तिथे पडून राहिली आणि प्रत्येक क्षणाला डोळा दगडासारखा जड होत गेला. दाराच्या फटीतून येणारा उजेड तिला दुधात बुडवलेल्या दोरीसारखा दिसत होता. मग उलटी झाली. चकती असूनही झाली.

नवरा पाणी घेऊन धावला. आप्पा बॅटरी आणि पट्टी घेऊन आले. पट्टी का, तर त्यांनी चौथ्या चष्म्याचं ठरवलं होतं. त्यांनी पट्टी तिच्या नाकावर धरली, बॅटरी पेटवली आणि थांबले. उजवी बाहुली उजेड पडताच आकसली. डावी आकसली नाही. ती कोटाच्या बटणाएवढी मोठी, थिजलेली, आणि तिच्यावर वाफ धरलेल्या काचेसारखा धुरकटपणा. भोवतीचा पांढरा भाग लालभडक. आप्पांनी बॅटरी बाजूला नेली, परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली.

"हा नंबर नाही," ते म्हणाले. बेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. "दुकान बंद कर. गाडी बोलाव."

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई चणीने लहान आणि बोलायला सरळ होती. तिने सूनबाईची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्याचा दाब मोजला आणि आकडा सांगितला. चोपन्न. वीसच्या आत असायला हवा. मग तिने चष्मा हातात घेतला, भिंगं पाहिली, काडी पाहिली, काडीचा तो विचित्र बाक पाहिला आणि सूनबाईचे केस कानामागे सारले.

"हे किती दिवस?"

"नऊ," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईने चिमट्याने चकती उचलून टाकली, कानामागची जागा पुसली, आणि सूनबाईला दोन्ही हात साबणाने धुवून यायला लावलं. तोवर तिने बापलेकांना समजावलं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक वाटेने निघून जातं. प्लसवाल्यांचा डोळा आखूड, त्यामुळे ही वाट मुळातच चिंचोळी. चकतीतलं औषध अंगात भिनलं, शिवाय बोटावरून थेट डोळ्यात गेलं, बाहुली ताणून मोठी झाली, बुबुळाचा पडदा कडेला गोळा झाला आणि वाट बंद. पाणी येतंय आणि जायला जागा नाही. अंधारात बाहुली आणखी मोठी होते. "अचानक येणारा काचबिंदू आहे हा," ती म्हणाली. "काही तासांत दाब उतरवला नाही तर या डोळ्याची नजर मला परत आणता येणार नाही."

आप्पा भिंतीला टेकले. अंधार, बोट, काडी. तिन्ही त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली होती, त्यातली दोन तर त्यांच्याच हातून.

सूनबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "कशाने उतरवणार?" तिने विचारलं.

"थेंबांनी. गरज लागली तर एक गोळी. सकाळी लेझर."

"म्हणजे औषध."

"हो."

"नको," सूनबाई म्हणाली. अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला फ्रेम बदलून मिळणार नाही असं सांगावं तशी. "औषधानेच झालंय ना हे? आणखी नको. डोळा गेला तर जाऊ दे. ते दोन आहेत. बाळ एकच आहे."

नवरा रडायला लागला. तो नुसता तिचं नाव घेत राहिला. डॉक्टरीणबाईने त्याला बसवलं आणि सूनबाईसमोर स्टूल ओढून बसली. "थेंब पोटापर्यंत जात नाहीत असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "थोडे जातात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक भोक आहे, तिथून नाकात, नाकातून रक्तात. म्हणून थेंब घातल्यावर तो कोपरा पाच मिनिटं दाबून धरायचा, मग अगदी थोडं उतरतं. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी मी आत्ता फोनवर बोलते. आणि वरच्या मजल्यावरून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र मागवते. आधी ठोके ऐका. मग एक थेंब. ऐकत राहा. ठोके जरा जरी मंदावले तर पुढचा थेंब घालणार नाही. तुम्ही सांगायचं, मी थांबायचं."

सूनबाईला आतापर्यंत सगळ्यांनी 'काही होत नाही' असंच सांगितलं होतं. 'थोडं जातं' असं म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं, आणि नेमका त्याच माणसावर तिचा विश्वास बसला. कधीकधी असं असतं, गोड बोलून जे होत नाही ते खरं बोलून होतं.

"कोपरा कोण दाबणार?" तिने विचारलं.

नवऱ्याने हात पुढे केला. हात असा थरथरत होता की परिचारिकेने हसू दाबलं. डॉक्टरीणबाईला फोन करायचे होते. सूनबाई म्हणाली, "आप्पांचा हात हलत नाही."

आप्पा जागचे हलले नाहीत. "मी नको," ते म्हणाले. "पोरी, काडी मी वाकवली. अंधारात मीच निजवलं तुला."

"म्हणूनच," सूनबाई म्हणाली. "या इकडे."

मग ती आडवी झाली, आणि त्यानंतरचं तिला नंतर नीट सांगता यायचं नाही. पोटावर गार मलम, आणि खोलीभर धावणारा तो आवाज, लाकडी जिन्यावरून कुणीतरी लहान माणूस न थकता वर वर पळतंय असा. थेंब डोळ्यात पडला, थंड. कोपऱ्यावर आप्पांचा अंगठा टेकला, वर्षानुवर्षं काच धरून खरबरीत झालेला, आणि तिथेच राहिला. ना जास्त जोर, ना कमी. डोळे मिटलेले. जिन्यावरचं माणूस पळतंय. ती मनात त्याच्या मागोमाग चालत होती, जिना संपत नव्हता आणि तो संपू नये असंच तिला वाटत होतं. कुठल्याशा पायरीवर ठणक्याचा आवाज जरा खाली राहिला. दुसरा थेंब. पुन्हा पाच मिनिटं. आप्पा ओठांत मोजत होते, ते तिला ऐकू येत होतं, तीनशेपर्यंत. एकदा ते चुकले आणि बहुतेक पुन्हा एकपासून सुरुवात केली. जिन्यावरचं माणूस मंदावलं नाही. गोळी द्यायची वेळ आली तेव्हा ती बराच वेळ तिच्या तळहातावर होती. तिने ठोक्यांकडे कान लावला, गोळीकडे पाहिलं आणि गिळली. त्या एका घोटाला किती वर्षांचं धैर्य लागलं ते तिचं तिलाच माहीत.

दाब चाळीसवर आला, मग एकतीसवर. संध्याकाळी बावीस. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता जेवून घ्या सगळ्यांनी." नवऱ्याचा जीव भांड्यात पडला, तो जेवलाही. आप्पा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले ते उठलेच नाहीत.

सकाळी डोळ्यावरची वाफ निवळली होती. लेझरच्या खोलीत सूनबाईने कपाळ पट्ट्याला टेकवलं, हनुवटी खाली. डोळ्यावर एक जाड भिंग बसवलं गेलं. "पडद्याच्या वरच्या कडेला एक सुईच्या टोकाएवढी खिडकी पाडणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पाण्याला कायमची वाट होईल. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्यालाही करू, तोही आखूडच आहे. समोर बघा. आता हलायचं नाही. अजिबात नाही."

टक्. डोळ्यात कुणीतरी बारीक चिमटा काढला. टक्. पांढरा उजेड पसरला, त्यात कडी नव्हती, रंग नव्हते, नुसता धुतलेल्या सकाळसारखा उजेड. टक्.

आणि तेवढ्यात पोटात काहीतरी झालं. आधी तिला कळलंच नाही. आतून कुणीतरी बोटाने टिचकी मारल्यासारखं, बेंबीच्या जरा डावीकडे. ती थांबली, म्हणजे थांबलेलीच होती. पुन्हा टिचकी, या वेळी जोराने. मागच्या खेपेला हे दिवस आलेच नव्हते, त्यामुळे तिला कुणी न सांगता कळलं की हे काय आहे. अंगातला प्रत्येक कण म्हणत होता, हात पोटावर ने, ओरड, हस, कुणाला तरी सांग. आणि समोरून आवाज येत होता, हलू नका, झालंच आता, दोन राहिले. सूनबाईने श्वास धरला. दोन्ही हातांनी यंत्राच्या मुठी गच्च आवळल्या. उजव्या डोळ्यातून पाणी गालावर उतरून हनुवटीच्या कागदावर ठिबकत राहिलं, पण ती हलली नाही. टक्. टक्.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "दुखलं का? रडताय."

"नाही," सूनबाई म्हणाली.

तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी तिला डाव्या डोळ्याने वाचता आल्या नाहीत. नाकाकडच्या बाजूला थोडा धूसरपणा होता. डॉक्टरीणबाईने तोही सरळ सांगितला, काही भरून येईल, काही कदाचित कायमचं गेलं असेल, दोन-तीन महिन्यांनी कळेल. सूनबाईने ऐकून घेतलं. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. ती दार ढकलून बाहेर आली.

आप्पा बाकावर तसेच बसलेले होते. कालचाच सदरा. ती दिसताच उठले, पण पुढे आले नाहीत, आणि तिच्या डोळ्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. ते तिच्या पायांकडे बघून म्हणाले, "दिसतं का गं?"

"दिसतं. थोडं कमी. बसा आधी."

ते बसले. ती शेजारी बसली.

"आप्पा, बाळ हललं," ती म्हणाली. "आत, खिडकी पाडत होत्या तेव्हा. दोनदा."

आप्पांनी मान वर केली. म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते इतके हुंदके देत होते की येणारेजाणारे थांबून बघायला लागले, आणि सूनबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून, कुणाला काही न सांगता, नवरा येईपर्यंत तशीच बसून राहिली.